‘नाताळ’, ‘अवतार’ आणि ‘देहधारण’

प्रश्न : ‘नाताळ’ हा शब्द कुठून आला, आणि ख्रिस्ती लेखनात या सणाच्या संदर्भात ‘अवतार’ हा रुळलेला शब्द सोडून ‘देहधारण’ का लिहितात?

उत्तर : ‘नाताळ’ पोर्तुगिजांबरोबर आला. पोर्तुगीज ‘नाताल’च्या मुळाशी लॅटिन ‘नातालिस’ आहे आणि त्याचा अर्थ ‘जन्माचा, जन्मासंबंधीचा’ एवढाच. जन्म कोणाचा आणि कशासाठी, हे सांगायला दुसरा शब्द लागतो.

‘अवतार’ म्हणजे खाली उतरणे. हा अर्थ ख्रिस्ती श्रद्धेला परका नाही. पण ‘संभवामि युगे युगे’ ऐकत वाढलेल्या मराठी मनात अवतार पुन्हा पुन्हा होतात आणि कार्य संपले की समाप्तही होतात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव एकदाच मनुष्य झाला, आणि पुनरुत्थानानंतरही, म्हणजे मरणातून पुन्हा उठल्यावरही, ते मनुष्यपण त्याने टाकले नाही. इसवी सन 451 मधील खाल्सेदोनच्या धर्मसभेने ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचे सांगितले, ते याच अर्थाने.

तरीही ‘देहधारण’ मला पुरेसा वाटत नाही. जे धारण करता येते ते उतरवताही येते, आणि जीर्ण वस्त्राप्रमाणे देह टाकण्याची गीतेतील उपमा आपल्या इतकी ओळखीची आहे की वाचक नकळत तोच अर्थ घेतो. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘सार्क्स’ आहे, म्हणजे मांस : भूक लागणारे, थकणारे, मरणारे. मराठी बायबलमध्ये ‘शब्द देही झाला’ असे आहे; इथे ‘शब्द’ म्हणजे ख्रिस्त. त्यातले ‘झाला’ हे क्रियापद मला फार मोलाचे वाटते.

त्याच वचनात पुढे ‘आमच्यामध्ये वस्ती केली’ असे येते. ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ तंबू ठोकून राहणे, आणि त्यामागे अरण्यात इस्राएल लोकांबरोबर मुक्काम हलवणाऱ्या निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या वस्तीच्या तंबूची, आठवण आहे. गावात रात्री मुक्कामाला थांबणाऱ्या एस.टी.ला आपण ‘वस्तीची गाडी’ म्हणतो. घरे आणि मुक्काम हे दोन्ही अर्थ ज्या शब्दात आहेत, तो इथे फार चपखल बसला आहे.

पुरवणी : लूकच्या शुभवर्तमानाच्या मराठी भाषांतरातील दोन शब्दही पाहावेत. बाळ ‘बाळंत्याने’ गुंडाळून ‘गव्हाणीत’ ठेवले आहे. जुन्या मऊ लुगड्याचे बाळंते ज्या घरांनी वापरले आहे, त्यांना ‘देही झाला’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. नाताळात आपण हौसेने गोठा सजवतो, पण लूकने गोठ्याचा उल्लेख केलेला नाही. उतारशाळेत जागा नव्हती आणि गव्हाण होती, इतकेच तो सांगतो. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा होतो, आणि पुढे स्वतःला ‘जीवनाची भाकर’ म्हणवणारा त्या गावी गुरांच्या चाऱ्याच्या जागी निजवला गेला.