मदत हवी आहे: निरक्षर आजी-आजोबांची स्मरणशक्ती कशी तपासावी?

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात भजनी मंडळ, बचत गट आणि आशाताई मिळून साठीपुढच्यांसाठी काम करतोय. दर एकादशीला हरिपाठाआधी बीपी-शुगर मोजतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ धोके आवरले तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील. त्यात बहिरेपणही आहे, आणि आमच्याकडं त्याकडंच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ‘वयच झालंय आता’ म्हणून सोडून देतात.

स्मरणशक्तीसाठी छापील प्रश्नावली वापरून पाहिली. निम्म्यांना अक्षरओळख नाही. तारीख विचारली की तिथी सांगतात, ती मात्र अचूक! मग गुण कसे द्यायचे? सगळ्यांना लातूरला नेणं परवडत नाही. आशाताईंना तोंडी घेता येईल अशी मराठी चाचणी कुणी वापरली आहे का? आणि कानाची तपासणी गावातच व्हावी म्हणून कुणाला भेटावं?