टिकत नाही की उघडता येत नाही? (वॉशिंग मशीन)

चक्रमादित्य
कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, "हल्लीची वॉशिंग मशीन्स मुद्दाम पाच वर्षांत बिघडतील अशीच बनवतात, आमचं जुनं वीस वर्षं चाललं." त्याखाली +१ ची रांग. तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

जुन्यांतलं जे टिकलं तेवढंच तुम्हाला आठवतंय. पत्रा सडून चौथ्या वर्षी भंगारात गेलेल्याची आठवण कोण काढतो? आणि आत कुणी घड्याळ लावून ठेवलेलं नसतं. फ्रंट लोड बहुतेकदा एकाच वाटेने जातं. ड्रममागचं रबरी सील झिजतं, पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं, ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो आणि स्पिनला विमान उतरल्यासारखा आवाज सुरू होतो. हे पूर्वीही व्हायचं. पण तेव्हा ड्रमबाहेरचा, पाणी धरणारा टब बोल्टने आवळलेला असायचा. उघडा, जुनं बेअरिंग ठोकून काढा, नवं बसवा, सील बदला, झालं. ६२०५, ६२०६ हे तर सर्रास मिळणारे नंबर. आता बऱ्याच मॉडेलांत टबचे दोन भाग वितळवून कायमचे जोडलेले असतात. मुठीत मावणाऱ्या बेअरिंगसाठी अख्खा टब ड्रमसकट बदलायचा. बोंब मारायचीच तर या जोडावर मारा.

निवांत_नळ
असहमत. उघडणारा जोड नाही म्हणजे गळती नाही, आणि जुळणीचं काम वाचतं म्हणून मशीन स्वस्त पडतं. घेताना सगळ्यांना स्वस्तच हवं असतं, बोल्ट आठवतात ते मोडल्यावर. तुमचं ते जुनं टॉप लोड पाणी किती प्यायचं तेही लिहा की.

सरळसोट
स्वस्ताईचं कौतुक पुरे. आमचं मशीन एका सकाळी दिवाच लावेना. मेकॅनिकने मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड काढून दाखवला, तर वरपासून खालपर्यंत रबरासारखा पारदर्शक थर ओतलेला. तो म्हणाला, "आत एखादा रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) गेला असेल, पण पोचू कुठून?" नखाने थोडं खरवडून पाहिलं, थराबरोबर एक बारीक कपॅसिटरही उपटून आला. नवा बोर्ड मागवावा तर मॉडेल बंद. वॉरंटी कार्डावर मात्र ठळक अक्षरांत 'मोटरवर १० वर्षं'. अहो, मोटर ठणठणीतच आहे! ती काय देवघरात ठेवू?

चक्रमादित्य
तो थर दमटपणापासून बोर्ड वाचवायला असतो. (तरी तुमचा राग रास्त आहे.)

फेसाळ_काकू
निम्मी मशीन्स तुम्ही लोक स्वतःच्या हाताने मारता. ड्रम स्टीलचा, त्याला मागून धरणारा तीन पायांचा स्पायडर अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. दोन धातू चिकटून, वर पाणी, त्यात क्षारयुक्त पावडर मूठ-मूठ ओतलेली. न विरघळलेला लगदा स्पायडरच्या खाचांत बसतो आणि धातू खात राहतो. एक दिवस पाय तुटतो, मग कंपनीच्या नावाने शंख.

ओला_रुमाल
म्हणूनच लिक्विड वापरा म्हणतो मी.

फेसाळ_काकू
लिक्विड? त्यात सहसा ब्लीच नसतं. गार पाण्यात लिक्विड आणि वर सॉफ्टनर, की दाराच्या रबराच्या (गॅस्केटच्या) घडीत काळी बुरशी आणि दार उघडलं की कुबट वास. माझ्या जावेकडे येऊन हुंगा. पावडरच, पण मापात. आणि अधूनमधून ६० अंशांवर रिकामं फिरवायचं.

ओला_रुमाल
बुरशी दार बंद ठेवल्याने येते, लिक्विडने नाही! आम्ही दार उघडं ठेवतो, काहीही वास नाही. आधी पावडर धातू खाते म्हणालात, आता पावडरच वापरा. ठरवा एकदा.

फेसाळ_काकू
'मापात' हा शब्द वाचला नाहीत की कळला नाही?

बादलीबहाद्दर
सेमी-ऑटोमॅटिक घ्या. दोन मोटर, एक बेल्ट, टायमर, कपॅसिटर. बोर्डच नाही तर जळणार काय?

ओला_रुमाल
हो, आणि कपडे उचलून स्पिनरमध्ये तुम्ही येऊन टाका. कमरेला पट्टा माझ्या आहे.

सरळसोट
मूळ मुद्द्यावर येऊ का? युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२१ पासून नियम आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान १० वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, तेही १५ कामकाजी दिवसांत. तिथे कंपन्या बुडाल्या नाहीत.

निवांत_नळ
नियम पूर्ण वाचा. त्या यादीत ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग 'सुटे किंवा एकत्र' दिले तरी चालतात. म्हणजे बेअरिंग मागा, ड्रमसकट घ्या. मिळालं ना १० वर्षं?

चक्रमादित्य
वा! म्हणजे माझाच मुद्दा तुम्ही पुराव्यासकट मांडलात. आभारी आहे.

निवांत_नळ
घ्या, मिरवा. टब बोल्टचा असता तर बरं झालं असतं, एवढं लिहून देतो. पण 'मुद्दाम बिघडवतात' हे अजूनही थोतांडच.

सरळसोट
मुद्दाम बिघडवत नसतील, पण टब मुद्दाम कायमचा बंद करतात. माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक जोडावरूनच करवतीने टब कापतो, बेअरिंग बदलतो आणि सिलिकॉन लावून स्क्रूने आवळतो. गळत नाही. कारखान्याला जमू नये?

फेसाळ_काकू
कापल्यावर स्पायडरचा फोटो टाकायला सांगा त्याला. पावडरवाल्या घरातला आणि लिक्विडवाल्या घरातला, दोन्ही.

ओला_रुमाल
टाकाच. आणि माप कुणी भरलं होतं तेही लिहा.