पहिली स्टिरिओ यंत्रणा : १८,००० रुपयांत काय घ्यावे?

विलंबित_श्रोता (पुणे)

सप्रेम नमस्कार. आजवर मी सारे संगीत इअरफोनवर किंवा एका लहान ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत आलो आहे. आता आई-वडिलांसह एका जागी बसून नीट ऐकता येईल अशी यंत्रणा घरी असावी, असे फार दिवस मनात आहे. रक्कम १८,००० रुपये असून ती मुळीच ताणता येणार नाही. खोली १० फूट बाय १२ फूट, खाली टाइल्स, भिंती मोकळ्या. घर भाड्याचे असल्यामुळे भिंतीत खिळासुद्धा ठोकता येत नाही. ऐकणे मुख्यतः ख्याल, नाट्यपदे आणि जुनी भावगीते. दुकानदार याच रकमेत पाच स्पीकर व एक सबवूफर असलेला ‘होम थिएटर’ संच सुचवतात आणि त्याच्या खोक्यावर हजारांच्या घरातले वॅट छापलेले आहेत. दोनच स्पीकर घेतले तर पैशांच्या मानाने पदरात कमी पडेल का? शिवाय अँप्लिफायर वेगळा घ्यावा की स्पीकरच्या आतच असलेला?

खर्जपंचम

आपल्या आवडीचे संगीत डोळ्यांपुढे ठेवून सांगतो : दोनच स्पीकर घ्यावेत आणि तो संच घेऊ नये. स्वस्त संचातले छोटे स्पीकर दोन-अडीच इंचांचे असतात व त्यांना खालचे स्वर पेलत नाहीत, म्हणून ते काम सबवूफरकडे सोपवलेले असते. हा सांधा बहुधा १५० ते २०० हर्ट्झच्या आसपास येतो आणि तिथे दोन्ही बाजू दुबळ्या असतात. आता काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य सप्तकातला षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. म्हणजे गायक ज्या जागी ठाण मांडून आलापी करतो, नेमकी तीच जागा या संचात पोकळ होते. स्फोटांच्या आवाजासाठी हे चालून जाते. विलंबित ख्यालासाठी नाही.

वॅटच्या आकड्यांनी दबून जाऊ नये. ‘पीएमपीओ’ या नावाने छापलेल्या आकड्याला कोणतेही मान्य प्रमाण नाही, तेव्हा ‘आरएमएस’, म्हणजे सलग देता येणारी खरी शक्ती, किती एवढेच विचारावे. एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणारे दोन स्पीकर आपल्या खोलीत असतील, तर नेहमीच्या ऐकण्याला एक-दोन वॅट पुरतात, आणि शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका.

माझी सूचना एडिफायर या कंपनीच्या आर-१२८०टी या स्पीकरजोडीची आहे. चार इंची वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर), रेशमी घुमटाचा ट्वीटर (वरच्या स्वरांचा स्पीकर), दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस, आणि अँप्लिफायर एका पेटीतच असल्यामुळे वेगळा खर्च नाही. ब्लूटूथ हवे असेल तर आर-१२८०डीबी घ्यावे. त्यात टीव्हीसाठी ऑप्टिकल जोडणीही आहे. भाव वरखाली होत असतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्यावे.

तपकीर_गल्ली

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे. मतभेद एकाच मुद्द्यावर आहे. अँप्लिफायर पेटीतच असला की तो बिघडल्यावर सारी जोडीच दुरुस्तीला न्यावी लागते आणि पुढे स्पीकर तेवढे बदलायचे म्हटले तर ते जमत नाही. ज्यांना ही यंत्रणा हळूहळू वाढवायची आहे त्यांनी साधे स्पीकर आणि टीपीए-३११६ चिपवरचा छोटा अँप्लिफायर घ्यावा. असे अँप्लिफायर तळहातावर मावतात आणि लहान खोलीला पुरून उरतात. वायरीवर मात्र पैसे घालवू नयेत. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मीटरवर मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर या अंतराला उत्तम चालते.

जुना माल घ्यायचा विचार असल्यास स्पीकरच्या कागदी शंकूभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून पाहावी. ती फोमची असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांनी तिचा भुगा होतो. रबराची असेल तर निश्चिंत असावे. अँप्लिफायरचे आवाजाचे बटण सावकाश फिरवताना खरखर आली तर ती साफसफाईने जाते. मात्र गाणे बंद असतानाही स्पीकरमधून जाड गुणगुण येत राहिली, तर तो व्यवहार सोडून द्यावा. सोनोडाइनसारख्या भारतीय कंपनीचे जुने स्पीकर चांगल्या अवस्थेत मिळाले तर जरूर ऐकून पाहावेत.

सतरंजी

दोघांनीही खोलीविषयी काहीच लिहिले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण आपल्याकडच्या घरांत आवाजाची सर्वाधिक माती टाइल्स आणि मोकळ्या भिंतीच करतात. आपण खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा टाळी वाजवावी. टाळीमागे पत्र्यासारखा झणत्कार ऐकू आला, तर कितीही महाग स्पीकर आणले तरी तोच झणत्कार गायकाच्या प्रत्येक तानेला चिकटणार आहे. स्पीकर व बैठक यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गोधडी अंथरावी, खिडकीला जाड पडदा लावावा आणि मागच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट ठेवावे. यांतल्या एकाही गोष्टीला खिळा लागत नाही.

दोन स्पीकरमधले अंतर आणि प्रत्येकापासून आपल्या कानापर्यंतचे अंतर सारखे ठेवावे. आपल्या खोलीत ते सहा फुटांच्या आसपास बसेल. ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा. आई-वडील जमिनीवर बसून ऐकणार असतील तर स्पीकर कपाटावर चढवू नयेत. ठोकळा किंवा बुटका स्टूल पुरतो. कोपऱ्यात स्पीकर सरकवला की डग्गा फुगून घुमू लागतो, म्हणून भिंतीपासून फूटभर तरी पुढे घ्यावा.

सर्व जोडून झाल्यावर एखादे जुने मोनो (दोन्ही स्पीकरांत एकच आवाज असलेले) ध्वनिमुद्रण लावून मधोमध बसावे. गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मध्यावरून, जणू रिकाम्या जागेतून, आला पाहिजे. तो इतस्ततः विखुरलेला आणि खालून पोकळ वाटला, तर एका बाजूची लाल-काळी वायर उलटी लागली आहे, असे समजावे.

विलंबित_श्रोता (पुणे)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुरुस्तीचा मुद्दा पटला, तरीही घरी वायरींचा पसारा नको म्हणून अंगचा अँप्लिफायर असलेली जोडीच घ्यायचे ठरवत आहे. उरलेल्या रकमेतून आधी सतरंजी आणि पडदा. टाळीचा झणत्कार खरोखरच मोठा आहे. एकच शंका राहते : चार इंची वूफरवर तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येईल का? आणि वडिलांच्या एलपी पुढे कधी वाजवायच्या झाल्यास याच स्पीकरना तबकडीवादक जोडता येईल का?

खर्जपंचम

काळी एकचा खर्ज, म्हणजे तंबोऱ्याच्या सर्वांत खालच्या तारेचा ‘सा’, सुमारे ६९ हर्ट्झवर येतो. तेथवर चार इंची वूफर पोहोचता पोहोचता थकतो, हे खरे आहे. परंतु जवारी लागलेल्या (घोडीवर दोरा सरकवून झंकार साधलेल्या) तंबोऱ्यात मूळ स्वरापेक्षा त्याचे उपस्वरच अधिक प्रबळ असतात आणि त्यांवरूनच आपला कान खर्ज ओळखतो, त्यामुळे तंबोरा आपणांस भरलेला ऐकू येईल. डग्ग्याच्या घुमाऱ्यात मात्र थोडी उणीव जाणवेल आणि या रकमेत ती सोसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एलपीसाठी थेट जोडणी चालणार नाही. तबकडीवादकाच्या सुईकडून येणारा संकेत अवघा काही मिलिव्होल्टचा असतो, म्हणून मध्ये ‘फोनो प्रीअँप्लिफायर’ लागतो. काही तबकडीवादकांत तो आतच बसवलेला असतो, तेव्हा खरेदीच्या वेळी ते विचारून घ्यावे. तोवर एलपी आडव्या रचून ठेवू नयेत. त्या उभ्या आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात.