मदत हवी आहे: कृत्रिम पायावरचं रोजचं चालणं कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी. मधुमेहामुळे माझ्या बाबांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आता ते जयपूर फूट लावून घरात, अंगणात, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालतात.

फिजिओथेरपीत 6 मिनिटांची चालण्याची चाचणी होते. पण सपाट कॉरिडॉरमध्ये कुणी बघत असताना माणूस किती चालू शकतो, एवढंच त्यातून कळतं. घरी दिवसभरात तो खरंच किती चालतो, हा वेगळा प्रश्न, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा भाग) सैल झालं किंवा उरलेला पाय दुखू लागला की बाबा काही बोलत नाहीत, गुपचूप चालणं कमी करतात. ते वेळीच कळायला हवं.

मनगटावरचं घड्याळ उपयोगाचं नाही. वॉकर धरला की हात हलत नाही, शिवाय चाल सावकाश, त्यामुळे बरीच पावलं मोजलीच जात नाहीत. मोबाईल ते खिशात ठेवत नाहीत.

संशोधक घोट्यावर बांधायचं उपकरण वापरतात. ते एकाच पायाची पावलं मोजतं, म्हणून एकूण पावलांसाठी आकडा दुप्पट करायचा.

साधा फिटनेस बँड कृत्रिम पायाच्या घोट्याला कुणी लावून पाहिलाय का? सावकाश चालीत आकडा बरोबर येतो का? बँड घसरू नये म्हणून काय केलंत? गुडघ्यावरून पाय गेलेल्यांचे अनुभवही नक्की सांगा. इथे कुणी प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम हात-पाय बनवून बसवणारे) असतील तर एक विचारायचंय: नुसती पावलं बघावीत, की दिवसात किती वेळा उठून चालले तेही?