खोदकामात केबल तुटली तर आत कुणाला टाकायचं?

जेसीबीवाला_कराड:
‘केबल तोडणाऱ्या जेसीबीवाल्याला थेट आत टाका, १९८४चा सार्वजनिक मालमत्तेचा कायदा लावा, जामीन नको,’ ही कालची पोस्ट आणि तिच्याखाली लागलेली ‘बरोबर आहे’ची रांग वाचून डोकं फिरलं. म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या घरचं मशीन आहे. ऑपरेटरला नकाशा कुणी देत नाही. ठेकेदाराचा माणूस चुन्याची रेघ मारतो, इथून तिथपर्यंत चर काढ म्हणतो आणि गाडीला किक मारून निघून जातो. फायबर, म्हणजे इंटरनेटची केबल, १.६५ मीटर, जवळपास साडेपाच फूट खोल टाकायची, हे दूरसंचारवाल्यांचंच माप आहे. आमच्या बकेटला ती दोन फुटांवर लागते. वर ना वीट, ना इशाऱ्याची पट्टी, ना कडेला खुणेचा दगड. मग साडेपाच फुटांचं बिल कुणी उचललं, ते आधी शोधा. आणि तो १९८४चा कायदा सरकारी मालमत्तेला लागतो, खासगी कंपनीच्या केबलला नाही. त्यातही नुकसान जाणूनबुजून केलेलं असावं लागतं. रोजावर राबणारा ऑपरेटर मुद्दाम कशाला तोडेल?

सदरबझार_सातारा:
पोस्ट माझी आहे आणि मी ती मागे घेणार नाही. माझं सेवा केंद्र आहे. गटाराच्या कामात केबल तुटली तो प्रवेश अर्जाचा शेवटचा दिवस होता. परळी खोऱ्यातून आलेली एक मुलगी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बाकावर बसून होती. अर्ज गेलाच नाही. तिला काय सांगू, ऑपरेटरकडे नकाशा नव्हता?
नकाशा नाही हे कारणही आता चालत नाही. खोदण्याआधी सूचना द्यायचे नियम जानेवारी २०२३मध्ये आले, मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आलं. देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि ३००० कोटींचं नुकसान होतं, हे तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं. १८८५च्या टेलिग्राफ कायद्यात हयगयीने तार तोडली तर दुरुस्तीचा खर्च आणि १००० रुपयांपर्यंत दंड होता. २०२३च्या दूरसंचार कायद्यात दंड ५० लाखांपर्यंत गेलाय. तो एकदा तरी वसूल होऊ दे, मग बघा नकाशे कसे सापडतात.

वाळव्याचा_ऊसवाला:
एक दिवस नेट गेलं तर ५० लाखांची भाषा. आमच्या पाण्याच्या मोटारीच्या केबलचं काय? नदीकाठच्या ओळीनं सगळ्या मोटारींच्या केबली एका रात्रीत कापून नेल्या. सकाळी स्टार्टरच्या पेटीखाली वीतभर तुकडा लोंबत होता. बाकीची केबल तिथंच उसाच्या सरीत जाळून तांबं काढलेलं. पाचट करपलेलं आणि रबराचा वास दुपारपर्यंत जात नव्हता. ऐन उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, अर्ज लिहून ठेवा. गुन्हा नोंदच नाही. कंपनीची तार ती तार, आणि शेतकऱ्याची काय सुतळी?

सांगलीचा_वकील:
ऊसवाले दादा, तुमच्यासाठी कायदा आहे, तो कुणी लावत नाही. वीज कायदा २००३, कलम १३६. वीजवाहिनी किंवा साहित्य ‘परवानाधारकाच्या किंवा मालकाच्या’ संमतीशिवाय कापून नेणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. मालक म्हणजे तुम्हीही. पुन्हा सापडला तर किमान ६ महिने, ५ वर्षांपर्यंत. आणि कलम १५१-ब प्रमाणे गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो आणि जामीन हक्कानं मिळत नाही. ठाण्यात मात्र साधी चोरी धरतात. भारतीय न्याय संहितेत ५००० रुपयांखालची पहिली चोरी असेल आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. चोरट्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून प्रत्येकाची थोडी थोडी कापतात.

सदरबझार_सातारा:
विषय फायबरचा आहे, तो भरकटवू नका. आणि स्पष्टच बोलतो, या केबली चोरणारे परमुलखातून येत नाहीत. कुणाची मोटार कुठे आहे हे गावातल्यालाच माहीत असतं, आणि गाव गप्प बसतं.

वाळव्याचा_ऊसवाला:
गावावर बोलायचं काम नाही. रात्री काठ्या घेऊन काठावर आम्हीच जागतो, तुम्ही नाही. जळकं तांबं विकत घेणारा कोण, ते विचारा. भंगारवाल्याकडं काळं पडलेलं तांबं किलोनं येतं, तो काय देवघरातलं समजून घेतो? त्याला एकदा धरा, चोरी आपोआप थांबेल.

जेसीबीवाला_कराड:
भंगारवाल्याचं शंभर टक्के खरं. आमच्या मशीनची बॅटरी असाच एक दुकानदार पचवून बसला. आणि सदरबझार, ॲपचं तुमचं मान्य. पण सूचना द्यायची ती काम घेणाऱ्या ठेकेदारानं. वर्कऑर्डर त्याच्या नावावर, आणि गुन्हा माझ्या पोराच्या वयाच्या ऑपरेटरवर, हे मी कधीच मान्य करणार नाही.

सदरबझार_सातारा:
बरं, ऑपरेटरला सोडा. ठेकेदाराला धरा आणि त्याच्या बिलातून कापा. उथळ केबल टाकणाऱ्यालाही धरा म्हणता, तेही घ्या. पण दंड झाला पाहिजे, यावरून मी हटणार नाही.

वाळव्याचा_ऊसवाला:
वकीलसाहेब, ते १३६ अर्जात लिहिलं तर घेतील का?

सांगलीचा_वकील:
कलम लिहा, सगळ्या शेतकऱ्यांनी सह्या करा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. नाहीच घेतलं तर तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. केबलची पावती जोडा.

वाळव्याचा_ऊसवाला:
पावती कुठली? केबल वडिलांनी टाकलेली.

सांगलीचा_वकील:
मग शेतीपंपाचं वीजबिल जोडा, आणि ती जळकी सरी नांगरायच्या आधी तिचे फोटो काढून ठेवा.