नवसाचे केस आणि शाळेची कात्री
शाळेतील केसांचा प्रश्न केवळ शिस्तीचा आहे, त्यासाठी कायदा कशाला, हे म्हणणे मला पटत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये केसांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा ‘क्राउन ॲक्ट’ केला तो कृष्णवर्णीय मुलांचे कुरळे केस आणि वेण्या हा वंशाचाच भाग मानून. टेक्सासमध्ये असाच कायदा २०२३ मध्ये लागू झाला, परंतु त्यात लांबीचा उल्लेख नसल्याने केसांच्या लांबीवर बंधन घालणारा एका शाळेचा नियम २०२४ मध्ये न्यायालयात टिकला. शब्दरचना काटेकोर हवी ती यासाठीच. आमच्या धुळे जिल्ह्यात नवसाचे केस राखलेल्या माझ्या वर्गमित्राची शेंडी प्रार्थनेच्या रांगेत सर्वांसमोर कापली गेली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तो शाळेत आला नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मानसिक छळालाही मनाई करते. केस कापण्याचा स्पष्ट उल्लेख राज्याच्या नियमांत यायला हवा.