टॅब की स्पेस? आणि मराठी कॉमेंट एका रेषेत का राहत नाहीत?

हिंजवडी_फेज२: टीममध्ये सहा जण. कोडच्या ओळी आत सरकवायला, म्हणजे इंडेंटसाठी, तिघांना टॅब हवा, तिघांना ४ स्पेस. पायथनची एक फाइल दोघांनी हाताळली आणि चालवताना टॅबएरर आली. स्क्रीनवर मात्र ओळी अगदी सरळ दिसतात. शिवाय ओळीच्या शेवटी मराठी कॉमेंट (कोड समजावणाऱ्या टिपा) लिहितो, त्या एकाखाली एक लावल्या तरी शेजारच्या मशीनवर वाकड्या होतात. काय नियम ठेवावा?

कोथरूड_डेपो: एडिटरमध्ये टॅबची रुंदी ४ असेल तर एक टॅब आणि चार स्पेस सारखेच दिसतात. पायथन ३ ला ते सारखे नाहीत. एकाच ब्लॉकमध्ये (एकत्र चालणाऱ्या ओळींच्या गटात) सरमिसळ झाली की तो अडतो. एडिटरमध्ये व्हाइटस्पेस दाखवायची सोय चालू करा, टॅब बाणासारखा आणि स्पेस ठिपक्यासारखी दिसते. पायथनसोबत येणारं टॅबनॅनी मॉड्यूल फाइलवर चालवलं तर नेमकी ओळ सांगतं.

आवडीनिवडीवर मतदान घेऊ नका, भाषेचा रिवाज पाळा. पायथनला पेप ८ या त्याच्या अधिकृत लेखनशैलीप्रमाणे ४ स्पेस. गो भाषेत कोडची मांडणी करणारा गोएफएमटी हा प्रोग्रॅम स्वतःच टॅब लावतो. यामलमध्ये (सेटिंग लिहिण्याचा फाइलप्रकार) इंडेंटसाठी टॅब चालतच नाही. मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम बांधायच्या कमांडची फाइल) उलट: कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी, स्पेस दिल्या तर 'मिसिंग सेपरेटर' ही एरर येते. म्हणून एडिटरला इंडेंटचे नियम सांगणारी एडिटरकॉन्फिगची फाइल प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवा आणि फाइलच्या प्रकारानुसार वेगळे नियम लिहा.

नळस्टॉप: जुनी फाइल बदलताना जपा. टॅबच्या जागी स्पेस घालणाऱ्या एक्स्पांड कमांडला फक्त ओळीच्या सुरुवातीचे टॅब बदलायला सांगा, नाहीतर स्ट्रिंगच्या आतलेही बदलतील. आधी मूळ लिहिणाऱ्याची टॅबची रुंदी विचारा. ८ च्या जागी ४ धरलंत तर सरमिसळ असलेल्या फाइलमध्ये ओळ दुसऱ्याच ब्लॉकमध्ये जाते, आणि तेव्हा एररही येत नाही! हा बदल गिटच्या स्वतंत्र कमिटमध्येच (बदलांच्या नोंदीत) करा. त्या कमिटचा हॅश (ओळखखूण) एका फाइलमध्ये लिहून गिटच्या 'ब्लेम.इग्नोअररेव्ह्जफाइल' सेटिंगला ती फाइल द्या, म्हणजे ब्लेममध्ये (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) प्रत्येक ओळीवर एकाचंच नाव येणार नाही. ही सोय गिट २.२३ पासून आहे.

शनिवारपेठ_कोडर: कॉमेंटचं कारण वेगळं आहे. 'किंमत' डोळ्याला तीन अक्षरं, पण युनिकोडमध्ये क, वेलांटी, अनुस्वार, म, त असे ५ कोडपॉइंट, म्हणजे वेगवेगळी नोंदलेली चिन्हं. मजकुरापुढे स्पेस भरून ठरावीक रुंदी करणारं पायथनचं 'एलजस्ट' हे कोडपॉइंटच मोजतं: १० ची रुंदी मागितली की ५ स्पेस भरतं आणि रकाना आत सरकतो. हाताने लावलंत तरी देवनागरी अक्षरांची रुंदी फाँटप्रमाणे बदलते. तेव्हा ओळीच्या शेवटी रकाने लावणं सोडाच. कॉमेंट वरच्या स्वतंत्र ओळीत, कोडइतक्याच इंडेंटवर लिहा.

हिंजवडी_फेज२: आभार. मराठी मॅन्युअलमध्येही परिच्छेद पाच स्पेस देऊनच सुरू करतो, ते चालेल?

शनिवारपेठ_कोडर: नको. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये पहिल्या ओळीचा इंडेंट द्या. दोन्ही कडा समान केल्या की स्पेस ताणल्या जाऊ शकतात आणि प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात वेगळी दिसते. आणि तिथे असाल तेव्हा 'फाइल मध्ये', 'सर्व्हर वर' हेही शोधून जोडून घ्या: 'फाइलमध्ये', 'सर्व्हरवर'. मराठीत तिथे स्पेस नसते.